एताप्ल येथील पुलावरचा तंटा (इ. स. १९१७) : रोजनिशी, निवाडा व दंतकथा

(१) इ. स. १९१७ च्या सप्टेंबर महिन्यांत फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील एताप्ल नामक गांवीं, इंग्रजी फौजेच्या पिछाडीच्या तळावर, एक दंगा झाला. दंग्याचें निमित्त पाहूं गेल्यास अगदींच क्षुल्लक होतें. तोफखान्याच्या एका शिपायास लष्करी पोलिसांनीं पुलापाशीं पकडलें, एवढेंच. परंतु ह्या पकडीपासून चार आठवड्यांच्या आंत दोन माणसें प्राणांस मुकलीं. एक पोलिसाच्या गोळीनें व दुसरें फौजी न्यायसभेच्या हुकुमानें. ह्या प्रकरणावर इंग्रजींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि त्यांतील बराच भाग निराधार आहे. घडलेली हकीकत थोडक्यांत सांगून ती कोणत्या कागदांच्या आधारें उभी राहते, कोणते कागद नाहींसे झाले, व त्या रिकाम्या जागीं दंतकथा कशी येऊन बसली, हें दाखवावें असा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे. विषय परदेशचा असला तरी प्रश्न आपल्या नित्याच्या परिचयाचा आहे.

(२) प्रथम स्थलाचा विचार करूं. एताप्ल हें कांश नदीच्या मुखाशीं वसलेलें कोळ्यांचें लहानसें गांव असून बूलोन बंदराच्या दक्षिणेस सुमारें १५ मैलांवर आहे. किनाऱ्यालगतचा लोहमार्ग येथून जात असल्यामुळें इंग्लंडांतून उतरलेली माणसें आघाडीकडे पाठविण्यास व आघाडीवरील जखमी मागें आणण्यास ही जागा सोयीची पडली. महायुद्धाच्या काळांत येथें वाळूच्या टेकड्यांवर तंबूंचें व लाकडी घरांचें एक नगरच वसलें. एका वेळीं लाखभर माणूस तेथें राहूं शके. शेजारीं रुग्णालयांची रांग होती व तिच्या जोडीस दफनभूमि. त्या दफनभूमींत पहिल्या महायुद्धांतील साडेदहा हजारांहून अधिक माणसांच्या कबरी आहेत. ब्रिटिश साम्राज्यांतील मृतांसाठीं फ्रान्समध्यें राखलेल्या दफनभूमींत हीच सर्वांत मोठी. नदीच्या पलीकडे ल तुके व पारी-प्लाज हीं धनिकांच्या हवापालटाचीं ठिकाणें होतीं. तीं अधिकाऱ्यांस खुलीं, साध्या शिपायांस बंद. छावणींतून एताप्ल गांवांत जावयाचें तर पूल ओलांडावा लागे, आणि पुलावर पोलिसांचा पहारा असे.

छावणींत आलेल्या माणसास आघाडीवर पाठविण्यापूर्वीं कांहीं दिवस कवाईत करावी लागे. ह्या कवाईतीच्या मैदानास शिपाई ‘बुल रिंग’ म्हणत. शिकविणारे दंडावर पिवळी पट्टी बांधीत, म्हणून त्यांस ‘कॅनरी’ पक्ष्याचें नांव पडलें होतें. नवा रंगरूट असो किंवा दोन वर्षें खंदकांत काढून, जखमी होऊन, बरा झालेला जुना शिपाई असो, दोघांसही तीच वाळूंतली धांव, तीच संगिनीची कवाईत व तोच शिक्षकांचा दरारा. जुन्या शिपायांच्या मनांत सल होता तो असा कीं, आपणांस युद्ध शिकविणारे हे लोक स्वतः युद्ध पाहून आलेले नाहींत. हा समज प्रत्येक शिक्षकाच्या बाबतींत खरा नसेल. परंतु तो सार्वत्रिक होता, आणि दंग्याच्या कारणांत समज हाही वस्तुस्थितीइतकाच वजनदार असतो.

(३) आतां लष्करी पोलिसांविषयीं. इंग्रजी फौजेंत ह्या वेळीं त्यांचे दोन वर्ग होते, घोडेस्वार पोलीस व पायदळ पोलीस. १९२६ मध्यें ते एकत्र करण्यांत आले. टोपीवर तांबडें आवरण असल्यामुळें शिपाई त्यांस ‘लाल टोपीवाले’ म्हणत. त्यांच्या प्रमुखास प्रोव्होस्ट मार्शल अशी जुनी पदवी होती. रस्त्यावरील गाड्यांची व पलटणींची रहदारी राखणें, कैदी नेणें, फौजेपासून मागें राहिलेल्यांस गोळा करून परत पाठविणें, पळून जाणाऱ्यांस धरणें, व गांवांत हिंडणाऱ्या शिपायांचे परवाने तपासणें, हीं त्यांचीं कामें. ह्यांतील पहिलीं कामें लढाईस अत्यावश्यक होतीं. परंतु साध्या शिपायाचा संबंध येई तो मुख्यतः शेवटच्या कामाशीं. आघाडीवर ज्याच्या जिवाची शाश्वती नाहीं, त्यास पिछाडीस आल्यावर चार घटका गांवांत हिंडण्यास चिठ्ठी लागे, आणि ती पाहणारा मनुष्य स्वतः खंदकांपासून कोसच्या कोस दूर राहणारा असे. लाल टोपीविषयींच्या तिटकाऱ्याचें मूळ येथें आहे.

वेळही विचारांत घेण्याजोगी आहे. ३१ जुलै १९१७ रोजीं ईप्रची तिसरी लढाई सुरू झाली होती व ती पुढें नोव्हेंबरापर्यंत चालली. ऑगस्टच्या पावसानें रणभूमीचा चिखल झाला होता. २० सप्टेंबर रोजीं नवा हल्ला व्हावयाचा होता. एताप्ल येथील माणसें त्याच चिखलाकडे जाणारीं, किंवा त्यांतून एकदां निघून पुनः त्याच वाटेस लागलेलीं होतीं.

(४) मुख्य हकीकत येणेंप्रमाणें. ९ सप्टेंबर १९१७, रविवार. दुपारीं न्यूझीलंडच्या तोफखान्यांतील हीली नांवाच्या शिपायास पोलिसांनीं पकडलें. थोड्याच वेळांत तीन कमानींच्या पुलाजवळ जमाव जमला. पकडलेल्या माणसास सोडून दिलें आहे असें जमावास सांगण्यांत आलें, तरी लोक हलेनात. ज्यासाठीं लोक जमले ती मागणी पुरी झाली असतां लोक घरीं जात नाहींत, तेव्हां निमित्त एक व कारण दुसरें असें समजावें. पोलिसांची अधिक माणसें येतांच धक्काबुक्की सुरू झाली. इतक्यांत हॅरी रीव्ह नांवाच्या लष्करी पोलिसानें जमावावर गोळ्या झाडल्या. गॉर्डन हायलंडर्स पलटणीचा कॉर्पोरल वुड मारला गेला व जवळच रस्त्यावर उभी असलेली एक फ्रेंच बाई जखमी झाली.

गोळीबारानंतर पोलिसांनीं पळ काढला. संध्याकाळीं साडेसातच्या सुमारास हजाराहून अधिक माणसें त्यांच्या पाठीस लागलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं पुलांवर पहारे बसविले, परंतु दुपारीं चारच्या सुमारास शिपाई पहारे मोडून गांवांत शिरले व तेथें सभा झाल्या. मंगळवारीं तळाचा कमांडंट ब्रिगेडियर-जनरल टॉमसन ह्यानें बाहेरून मदत मागविली. बुधवारीं, छावणी सोडूं नये असा हुकूम असतांही, हजाराहून अधिक माणसें बाहेर पडून गांवांतून फिरलीं. त्याच दिवशीं ऑनरेबल आर्टिलरी कंपनी ह्या पलटणीचीं सुमारें ४०० माणसें लाकडी दंडुके घेऊन दाखल झालीं. मग जोर ओसरला. ह्यानंतर तीनशेंच्या आसपास शिपाईच बाहेर पडले व ते गांवांत पकडले गेले. येथें दंगा संपला.

ह्या चार दिवसांच्या हकीकतींत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जमावाचा रोख आरंभापासून पोलिसांवर होता. शिपायांनीं दारूगोळा हस्तगत करून आपल्या सैन्यावर शस्त्र चालविलें, असें घडलें नाहीं. आणि युद्धास नकार देऊन तळच्या तळ बसून राहिला, असेंही झालें नाहीं. दंगा चालू असतां गाड्या भरून माणसें आघाडीकडे जातच होतीं. म्हणून ह्यास ‘बंड’ हा शब्द लावतांना त्याचा नेमका अर्थ ठरवून घेतला पाहिजे. कायद्याच्या भाषेंत वरिष्ठांविरुद्ध संगनमतानें केलेली आज्ञाभंगाची कृति म्हणजे बंड. लोकभाषेंत बंड म्हणजे सत्ता उलथण्याचा यत्न. पहिल्या अर्थानें येथें बंड झालें, दुसऱ्या अर्थानें झालें नाहीं.

(५) शिक्षांचा तपशील पुढीलप्रमाणें. नॉर्दंबरलंड फ्युझिलिअर्स पलटणीचा कॉर्पोरल जेसी रॉबर्ट शॉर्ट ह्यास बंडाच्या यत्नाबद्दल देहदंड झाला. त्याच्यावरील आरोप असा कीं, पुलावरील पहाऱ्याच्या शिपायांनीं शस्त्रें खालीं ठेवावीं व आपल्या अधिकाऱ्यावर, म्हणजे कॅप्टन विल्किन्सन ह्याच्यावर, चालून जावें, अशी त्यानें चिथावणी दिली. त्याचे हे शब्द ऐकून कोणी अधिकाऱ्यास मारलें नाहीं. ४ ऑक्टोबर १९१७ रोजीं बूलोन येथें शॉर्ट ह्यास गोळ्या घालण्यांत आल्या. त्याच दिवशीं ईप्रच्या रणांगणावर ब्रूडसाइंदची लढाई झाली व तींत दोन्ही बाजूंचीं हजारों माणसें पडलीं. त्या गर्दींत ही एक गोळीबाराची तुकडी कोणाच्या लक्षांत राहण्याचें कारण नव्हतें. अन्य तिघांस प्रत्येकीं दहा वर्षें काळ्या पाण्यासारखी सक्तमजुरी, दहा जणांस एक वर्षापर्यंत सक्तमजुरीची कैद, व तेहतीस जणांस सात ते नव्वद दिवसांपर्यंत रणांगणावरील शिक्षा झाली. ह्या शेवटच्या शिक्षेच्या पहिल्या प्रकारांत अपराध्यास खांबास किंवा गाडीच्या चाकास दिवसांतून दोन तासांपर्यंत बांधून ठेवीत. १९२३ मध्यें ती शिक्षा रद्द झाली. कित्येकांस दंड झाला किंवा त्यांचा हुद्दा उतरला.

जमावावर गोळी झाडणाऱ्या रीव्हवरही खटला झाला. सदोष मनुष्यवधाबद्दल त्यास एक वर्षाची सक्तमजुरी मिळाली.

दोन्ही निकाल शेजारीं ठेवून पाहावे. ज्याच्या हातून माणूस मेला त्यास एक वर्ष, व ज्याच्या तोंडून धमकी निघाली त्यास मृत्यु. लष्करी कायद्याच्या तर्कानें हें विसंगत नाहीं. त्या कायद्यापुढें प्रश्न जिवाच्या मोलाचा नसून शिस्तीच्या रक्षणाचा होता, आणि युद्धकाळीं बंडाहून मोठा अपराध त्यास माहीत नव्हता. परंतु इतिहास लिहिणाऱ्यानें त्या कायद्याची भाषा समजून घ्यावी, ती आपली म्हणून बोलूं नये. पहिल्या महायुद्धांत इंग्रजी फौजी न्यायसभांनीं सुमारें ३,०८० देहदंड सुनावले. त्यांपैकीं ३४६ प्रत्यक्ष अमलांत आले. बहुतेक पळून जाण्याबद्दलचे होते. बंडाबद्दल देहदंड भोगणारे अवघे तीन, व शॉर्ट त्यांपैकीं एक. पुढें २००६ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें केलेल्या कायद्यानें, खून वगळतां, अशा अपराधांबद्दल मारल्या गेलेल्यांस क्षमा दिली. बंडाचा अपराध त्या यादींत आहे, आणि १९११ च्या हिंदी फौजेच्या कायद्याखालीं दंडित झालेल्यांचाही त्यांत समावेश आहे. मात्र ह्या क्षमेनें मूळ दोषनिर्णय रद्द होत नाहीं, असें त्याच कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. कागद तसाच राहिला. त्याच्या शेजारीं नव्वद वर्षांनीं दुसरा कागद आला.

(६) आतां साधनांकडे वळूं. पहिलें साधन कमांडंटच्या कचेरीची युद्धरोजनिशी. इंग्रजी फौजेच्या प्रत्येक पलटणीस व तळास ठराविक छापील नमुन्यावर रोजची नोंद ठेवावी लागे; डाव्या बाजूस स्थळ, तारीख व वेळ, मध्यें घडलेली गोष्ट. ह्या रोजनिश्या लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत ‘डब्ल्यू. ओ. ९५’ ह्या वर्गांत आहेत. वर दिलेल्या तारखा, वेळा व जमावाचे आंकडे मुख्यतः ह्या प्रकारच्या नोंदीवर आधारलेले आहेत. हा कागद समकालीन आहे व ज्याच्यावर तळाची जबाबदारी होती त्याच्याच कचेरींतला आहे. त्याचा गुण व दोष एकच, तो म्हणजे हा. तारीख व वेळ सांगण्यांत त्यास खोटें बोलण्याचें कारण नाहीं. दंगा कां झाला हें सांगण्यांत मात्र लिहिणाऱ्याचा स्वतःचा बचाव गुंतलेला आहे. सबब पहिल्या बाबतींत तो प्रमाण, दुसऱ्या बाबतींत तो पक्षकार.

दुसरें साधन न्यायसभेचे कागद. रणांगणावरील न्यायसभा सामान्यतः तीन अधिकाऱ्यांची असे. देहदंडास सर्वांचें एकमत लागे, व निकाल सरसेनापतीनें कायम केल्यावांचून अमलांत येत नसे. ज्यांचा देहदंड अमलांत आला त्यांच्या खटल्यांच्या बासनांचा वर्ग ‘डब्ल्यू. ओ. ७१’, व झालेल्या खटल्यांच्या नोंदवह्यांचा ‘डब्ल्यू. ओ. २१३’. बासनांत साक्षी असतात. नोंदवहींत नांव, पलटण, स्थळ, आरोप व शिक्षा एवढेंच. हीं बासनें पाऊणशें वर्षें लोकांस बंद होतीं. परिणाम असा झाला कीं, जो मेला त्याचें बोलणें थोडेंफार कागदावर टिकलें, आणि जे तुरुंगांत जाऊन जिवंत राहिले त्यांचें एका ओळींत संपलें.

तिसरें साधन असावयास हवें होतें तें नाहीं. दंग्याच्या कारणांचा तपास करण्यासाठीं चौकशी मंडळ बसलें होतें. त्याचे कागद पुढें नष्ट करण्यांत आले. रोजनिशींतून ‘काय’ व ‘केव्हां’ कळतें, खटल्यांतून ‘कोणीं’ कळतें. ‘कां’ हें ज्या कागदांत असतें तेच गेले.

चौथें साधन आठवणींचें. त्या वेळीं तेथील रुग्णालयांत परिचारिका असलेल्या व्हेरा ब्रिटन ह्यांनीं १९३३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत ह्या गडबडीचा उल्लेख केला. पुढें १९७५ मध्यें डग्लस गिल व ग्लोडन डॅलस ह्यांनीं ‘पास्ट अँड प्रेझेंट’ ह्या त्रैमासिकांत रोजनिशी व आठवणी एकत्र जुळवून सविस्तर लेख लिहिला, व ह्या प्रकरणाचा साधार इतिहास तेथून सुरू झाला. हीलीच्या मुलानें सांगितलेली हकीकतही उपलब्ध आहे. तिचा आशय असा कीं, पुलावरील पहारा चुकविण्यासाठीं शिपाई ओहोटीच्या वेळीं नदीच्या मुखांतून पायीं पलीकडे जात व तसेंच परतत. त्या दिवशीं भरती आली, परतण्याची वाट बंद झाली, छावणींत वेळेवर न पोंचल्यास पळपुटा ठरूं म्हणून त्यानें पुलाची वाट धरली, आणि तेथें पोलिसांनीं त्यास पळपुटा म्हणूनच धरलें. ही ऐकीव, एका पिढीनंतरची साक्ष आहे. तारखा-वेळांसाठीं ती घेऊं नये. परंतु परवान्याचा जाच शिपायाच्या अंगीं कसा लागे, ओहोटीचा हिशेब करून गांवांत कसें जावें लागे, हें सरकारी रोजनिशींत कधींही येणार नाहीं. प्रत्येक साधनास त्याच्या वकुबापुरताच प्रश्न विचारावा, हा नियम येथें चांगला दिसून येतो.

(७) शेवटीं दंतकथा. १९७८ मध्यें विल्यम ॲलिसन व जॉन फेअर्ली ह्यांचें ‘द मोनोकल्ड म्युटिनीयर’ हें पुस्तक निघालें. त्यांत पर्सी टॉपलिस नामक तोतयेगिरी करणारा शिपाई ह्या दंग्याचा पुढारी म्हणून रंगविला आहे. टॉपलिस हा खरा मनुष्य. खुनाच्या आरोपावरून पोलीस त्याचा शोध करीत असतां ६ जून १९२० रोजीं इंग्लंडच्या उत्तर भागांत, पेनरिथ गांवाजवळ, पोलिसांच्या गोळीनें तो मेला. पुस्तकावरून १९८६ मध्यें बी. बी. सी. नें दूरचित्रवाणीवर मालिका केली, व तिच्या सत्यतेवरून इंग्लंडांत मोठा वाद माजला. वादाचा निर्णय करणारा पुरावा साधा आहे. दंग्याच्या दिवसांत टॉपलिसची पलटण एताप्ल येथें नव्हती. ती जहाजानें हिंदुस्थानच्या वाटेवर होती, आणि तो आपल्या पलटणींत नव्हता असें दाखविणारा एकही कागद नाहीं.

असें असतां कथा रुजली ती कां? चौकशीचे कागद नष्ट झाल्यामुळें कारणाची जागा रिकामी होती. आणि हजार माणसें एका नायकावांचून, केवळ साठलेल्या संतापानें उठतील, हें लोकमनास पटत नाहीं. आपल्याकडे जेधे शकावलीसारख्या साधनांतील तुटक ओळी आणि शतकाहून अधिक काळानें लिहिलेली चिटणीसी बखर ह्यांत जें अंतर, तेंच येथें साठ वर्षांत पडलें. बखरकार दुष्ट नसतो. तो रिकाम्या जागा भरतो. परंतु ह्या भरणीचा भार कोणावर पडला हें पाहावें. टॉपलिसचें नांव घरोघर झालें. ज्यानें खरोखर प्राण दिला त्या शॉर्टचें, व ज्याच्या मृत्यूनें दंगा पेटला त्या वुडचें नांव जाणकारांपुरतें उरलें. खोटी कथा केवळ सत्य झांकीत नाहीं, ती मेलेल्यांची जागाही घेते.

(८) ह्यावरून आपणांस घेण्यासारखा बोध व्यवहाराचा आहे. पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या. ११० वी मराठा पलटण कूतच्या वेढ्यांत सांपडली. फ्रान्समधील हिंदी शिपायांचीं पत्रें तपासनिसांच्या हातून जात, आणि त्यांचे इंग्रजींत केलेले उतारे लंडनच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरांत आहेत. मूळ देशी अक्षर बहुधा तेथें नाहीं. तें असलेंच तर सातारा, रत्नागिरी, कुलाबा ह्या बाजूंच्या शिपाई घराण्यांत, ट्रंकेच्या तळाशीं, पदकाच्या डबींत किंवा पेन्शनीच्या कागदांच्या जुडग्यांत आहे. सनदा व महजर ह्यांच्या मानानें असे कागद क्षुल्लक दिसतात, म्हणून संग्राहक ते उचलीत नाहींत. परवान्याची एक चिठ्ठी, शिक्षेची नोंद असलेलें नोकरीचें पुस्तक, घरीं पाठविलेलें चार ओळींचें कार्ड, हीं मिळाल्यास त्यांची तारीख, ज्या घरांतून मिळालीं त्याचें ठिकाण, व सोबत सांगितलेली हकीकत वेगळी टिपून ठेवावी. कागद व ऐकीव गोष्ट एकाच ओळींत मिसळूं नये. एताप्ल येथें सरकारनें आपल्या बाजूचा कागद राखला आणि चौकशीचा नष्ट केला. सरकारी दप्तर जें राखीत नाहीं, तें खाजगी संग्रहांनींच राखलें पाहिजे.